निरगाठ

मी एक हेलिकॉप्टर बोलतोय. अख्खं नाही, अख्खं आता कुठं उरलंय? एका कोरड्या नदीच्या पात्रात माझी शेपटी दगडाला टेकून पडली आहे, तीच बोलते आहे असं समजा. शेपटीनं तोंड उघडावं हे काही शोभत नाही, पण तोंडाकडचा भाग जळून गेला, त्याला कोण काय करणार.

व्याकरणात मी नपुंसकलिंगी. पण माझ्या उमेदीच्या दिवसांत एका माणसानं माझ्या पाठीवर थाप मारून मला 'गडी' म्हटलं आणि तेव्हापासून मी स्वतःला 'तो' समजत आलो. मला बोलायचं आहे ते खरं तर त्या माणसाबद्दल. स्वतःबद्दल बोलायची हौस केव्हाच फिटली.

तरी जन्माचं थोडं सांगतो. एका लांबलचक शेडमध्ये मला जोडलं. रिव्हेट ठोकणाऱ्या बायकांचे हात आणि तोंडं एकदमच चालत. त्यातल्या एकीची जाऊ मोठी कजाग होती. तिच्या सगळ्या कागाळ्या माझ्या डाव्या दाराच्या पत्र्याआड बंद झाल्या. माझ्या शेजारी तयार झालेल्या भावाला पांढरा रंग मिळाला आणि तो रुग्णालयाच्या सेवेत गेला. मला मातकट रंग फासला, तेव्हाच मी समजलो, आपल्या पानात काय वाढून ठेवलंय ते.

लष्करात मी हमाली केली. पाण्याचे डबे, बॅटऱ्या, बटाट्यांची पोती, टपाल आणि माणसं. माणसं धडधाकट न्यायची आणि बऱ्याचदा आडवी आणायची. जाताना शिपाई एकमेकांची इतकी टिंगल करत की माझ्या पंख्यांचा आवाज फिका पडावा. परतताना तीच माणसं आपापल्या बुटांकडे बघत बसत. बुटांत बघण्यासारखं काय असतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मला 'गडी' म्हणणारा तो माणूस संध्याकाळी माझी फरशी धुवायला यायचा. आमच्या तुकडीचा मुख्य मेकॅनिक. पायलटांपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे त्याला काका म्हणत. टक्कल, कानात कापसाचे बोळे, नखांत कायमचं काळं तेल. फरशी धुणं हे काही त्यांचं काम नव्हतं. पण फरशीवर जे सांडलेलं असायचं ते नव्या पोरांना धुवायला लावू नये, असं त्यांना वाटे. पाइप धरून ते मला दिवसभराच्या बातम्या सांगत. बायकोचं गुडघेदुखीचं रडगाणं, जावयाची नवी मोटारसायकल, असलं काहीबाही. लोक म्हणत, काकांना कमी ऐकू येतं म्हणून ते यंत्रांशी बोलतात. तसं नव्हतं. माणसं मध्येच तोडून बोलतात, आम्ही तोडत नाही, एवढंच.

माझ्या डोक्यावर दोन इंजिनं होती, शेजारी शेजारी. मी जमिनीवर असलो की त्यांच्या तोंडात धूळ, पाखरं, पाचोळा जाऊ नये म्हणून जाड लाल कापडाची झाकणं बसवत. काका त्यांना टोपडी म्हणत. इतर मेकॅनिक टोपड्याच्या दोरीला सुरगाठ मारायचे. एक टोक ओढलं की मोकळी. काका मात्र निरगाठ मारत, आणि तीही अशी की पायलटला घाई असली की तो पाय आपटत उभा राही आणि काका शांतपणे नखानं एकेक वेढा उकलत बसत. यावरून त्यांना मागून गाठोबा म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. पण गाठ बदलली नाही.

माझं पडणं काही वीरश्रीचं नव्हतं. डोंगरातल्या एका चौकीला पाणी टाकून परत येत होतो. नुकतंच बसवलेलं उजवं इंजिन कसं गातंय ते स्वतःच्या कानानं ऐकायचं म्हणून काका त्या दिवशी आत बसले होते. समोरच्या उतारावरून गोळ्या आल्या आणि त्यातली एक बरोबर मला लागली. मला म्हणजे या शेपटीला. मागचा पंखा थांबला तसा मी गरगरू लागलो. मला चालवणाऱ्या कॅप्टननं दात-ओठ खाऊन मला कसंबसं या पात्रात उतरवलं. एक चाक मोडलं, मी कुशीवर कललो. कॅप्टनचं कपाळ फुटलं, पण सगळे आपल्या पायांनी बाहेर पडले. तेवढं माझं पुण्य.

सुटका करायला दुसरं हेलिकॉप्टर लगेच आलं. उतारावरून गोळ्या चालूच होत्या. जो तो घाईघाईनं माझ्यातलं काढून नेत होता: रेडिओ, नकाशे, बंदूक, कसलासा गुप्त डबा. आणि त्या धांदलीत काका माझ्या पाठीवर चढले आणि टोपडी बांधू लागले. दोन्ही इंजिनांना. निरगाठ मारून.

कॅप्टन खालून ओरडला, "काका, उतरा खाली. उद्या आपलंच विमान येऊन त्याच्यावर बाँब टाकणार आहे. सर्दी होईल म्हणून झाकताय का त्याला?"

काकांचे हात थांबले. आपण काय करतोय हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. मशीन बंद झालं की टोपडं बांधायचं, ही आयुष्यभराची सवय. हातांना कुणी आदेश वाचून दाखवला नव्हता. ते ओशाळून खाली उतरले आणि पळाले. पुढं तळावर म्हणे या गोष्टीवर म्हणच पडली, 'मढ्याला मफलर'. निरर्थक काम कुणी करताना दिसलं की लोक म्हणायचे, चाललंय याचं मढ्याला मफलर.

तर मला माझं भविष्य असं ऐकायला मिळालं. मला धक्का बसला नाही. आमच्यात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. यंत्र पडलं की आधी ते चालवून नेता येतं का पाहतात. नाही तर ट्रकवर घालून, नाही तर मोठ्या हेलिकॉप्टरच्या पोटाखाली टांगून. तेही जमत नसेल तर उपयोगाचं काढून घेतात आणि उरलेलं स्वतःच्या हातानं मोडतात, म्हणजे परक्याच्या हाती लागायला नको. माणूस मेला तर त्याला आणायला हे लोक जिवावर उदार होऊन परत येतात. आमच्याकडे परत येतात ते जाळायला. मी तक्रार करत नाही. इतकी वर्षं राबल्यावर माणसाला झोप हवी असते, मलाही हवी होती.

पण दुसऱ्या दिवशी धुकं उतरलं आणि दरी भरून राहिलं. त्यात विमान काय येणार. आणि त्या धुक्यातून दोन बायका आल्या.

एक सासू, एक सून. वरच्या बाजूच्या कुठल्यातरी वस्तीतून पळून निघाल्या होत्या. लढाई त्यांच्या दारात पोचली होती. सासूचा मुलगा गुरं घेऊन आधीच पुढं खिंडीपलीकडे गेला होता आणि या मागून निघाल्या, तर वाटेत सासूचा पाय मुरगळून भोपळ्यासारखा सुजला. सुनेचे दिवस भरत आले होते. अशा अवस्थेत तिनं सासूला खांद्याचा आधार देत माझ्या दारापर्यंत आणलं होतं. माझं दार उघडंच होतं. त्या आत आल्या, आणि पहिली गोष्ट काय केली तर सासूनं फरशी झाडायला सांगितली.

त्यांची भांडणं मी दोन दिवस ऐकली. पाणी जपून पी इथपासून लग्नात कुणी कुणाला मान दिला नाही इथपर्यंत. खरं भांडण मात्र एकच होतं. सासू म्हणे, मला इथं ठेव आणि तू पुढं जा, माझं झालं आता सगळं, पोटातल्याचं बघ. सून म्हणे, जाईन की, तुमच्या पायाची सूज उतरू दे, मग दोघी जाऊ. सासू म्हणे, तुझा हट्ट तुझ्या आईवर गेलाय. सून म्हणे, हो, आणि आता तो तुमच्या घरात आलाय.

फरशी गार होती. सासूचा पाय ठणकत होता. सुनेला माझ्या डोक्यावरची लाल टोपडी दिसली; जाड, कापूस भरलेली. पायाखाली घ्यायला बरी होती. तसल्या पोटानं ती माझ्या पाठीवर चढली. मला तेव्हा श्वास असता तर मी तो रोखला असता. निरगाठ काही सुटेना. तिनं खालून विळा मागितला.

"कापू नकोस," सासू आतून म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू आहे. उद्या मालक आला तर काय तोंड दाखवायचं? सोड नीट. आणि एकच घे."

मालक उद्या काय घेऊन येणार होता, ते मला माहीत होतं. तिला सांगता येत नव्हतं. सून बराच वेळ बसली, दोन नखं मोडली, चरफडली, पण गाठ सोडली. दोरी तिथंच लोंबत ठेवून टोपडं घेऊन खाली आली.

चौथ्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ झालं. मी आयुष्यभर स्वच्छ आभाळाची वाट पाहिली, त्या दिवशी मला ते नको होतं. विमानाचा आवाज आला तशी सून सासूला घेऊन माझ्या अगदी मागच्या कोपऱ्यात सरकली. डोक्यावर लोखंड आहे, आता भीती नाही, असं सासू तिला समजावत होती. त्यांना वाटत होतं मी छप्पर आहे. मी निशाणा होतो. जा, पळा, त्या दगडांमागं जा, असं मी सगळ्या पत्र्यांनिशी म्हणत होतो, आणि पत्रा वाऱ्यानं वाजतो तेवढाच वाजत होता. बॅटरी नेली होती, नाहीतर एखादा दिवा तरी लुकलुकवला असता. इतकं असहाय मला पडतानाही वाटलं नव्हतं.

विमान एकदा वरून गेलं. दुसऱ्यांदा आणखी खाली उतरून गेलं. मग निघून गेलं. पोटातलं काही टाकलं नाही. सासू म्हणाली, बघ, मी सांगत नव्हते?

काय घडलं होतं ते मला दुपारी कळलं, जेव्हा एक छोटं हेलिकॉप्टर पात्रात उतरलं आणि त्यातून कॅप्टन, काका आणि एक सुरुंगवाला बाहेर आले. काका धावत येऊन दारात उभे राहिले. आत दोघी भिंतीला चिकटून बसल्या होत्या. सासूनंच आधी तोंड उघडलं.

"तुमचंच का हे? एक फडकं घेतलंय आम्ही, पायासाठी. फाडलं नाही हो. सुनेनं नखं मोडून घेतली, पण गाठ सोडून घेतलं."

काका दारातच खाली बसले.

मग कॅप्टननं दोघींना सांगितलं. बाँब टाकण्याआधी विमानानं वरून फोटो पाठवले होते. तळावर साहेब लोक ते पडद्यावर पाहत होते. एक लाल टोपडं जागेवर, दुसरं गायब, दोरी लोंबतेय. साहेब म्हणाले, वाऱ्यानं उडालं असेल. मागं चहाचा कप घेऊन उभे असलेले काका म्हणाले, नाही. सगळे हसले; मढ्याला मफलर सगळ्यांना आठवला. काका म्हणाले, हसा तुम्ही, पण मी निरगाठ मारली होती. सुरगाठ असती तर वारा म्हटलं असतं. जनावरानं ओढलं असतं तर दोरी तुटली असती. दोरी अख्खी आहे. निरगाठ माणसालाच सोडावी लागते, आणि सैनिक असता तर त्यानं सुरीनं कापली असती. आत कुणीतरी आहे, आणि ते कुणीतरी साधं माणूस आहे. साहेबांनी वैतागून विमान परत बोलावलं. त्याची शिक्षा म्हणून की काय, आता तुम्हीच जाऊन हातानं काम उरका, असा हुकूम काढला. आणि जाताच आहात तर नवं इंजिन काढून आणा, असंही वर सांगितलं. तळावर एक हेलिकॉप्टर इंजिनावाचून उभं होतं.

सून हे ऐकत होती. तिनं वर छताकडे पाहिलं, मग सासूकडे. सासूनं तिचा हात घट्ट धरला होता.

मग कामाला सुरुवात झाली. सुरुंगवाला माझ्या पोटात आणि मानेपाशी स्फोटकांच्या पुड्या ठेवत फिरू लागला. काका पाठीवर चढले. त्यांच्या हाताची ख्याती मी तुम्हाला सांगायला हवी. दुसऱ्या तळांवरून लोक अडलेले बोल्ट घेऊन त्यांच्याकडे येत. ते बोल्टला आधी तेल पाजत, मग त्याच्याशी दोन शब्द बोलत, मग पाना लावत. त्यांच्या हातून बोल्ट निघाला नाही असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही एकेक नळी, एकेक जोड, एकेक बोल्ट सुटत गेला. काम करता करता ते मला हळूच म्हणाले, "गड्या, तुला नाही नेता येत. पण हे उडत राहील बघ." मला फार बरं वाटलं. आपल्यातलं काहीतरी पुन्हा आभाळात जाईल, एवढ्यावर मी जळायला तयार होतो. तिघांनी मिळून इंजिन खाली उतरवलं आणि छोट्या हेलिकॉप्टरच्या दारापर्यंत ओढत नेलं.

तिथं कॅप्टन थांबला. ऊन चढलं होतं. विरळ, तापलेल्या हवेत हेलिकॉप्टर फार उचलत नाही. त्यानं मनातल्या मनात वजनं मांडली, पुन्हा मांडली.

"काका, दोन्ही नाही जमणार. इंजिन नाहीतर या दोघी."

"दोघी नाही, अडीच म्हणा," सासू दारातून म्हणाली. मग तिला प्रश्न कळला आणि ती घाईनं म्हणाली, "हिला न्या. मी बसते इथं."

सून सासूशेजारी मांडी घालून बसली.

पुन्हा फेरी मारता येईल का, असं काकांनी विचारलं. कॅप्टननं उताराकडे बोट दाखवलं. तिथं माणसांची हालचाल दिसू लागली होती. हुकूम इंजिनाचा आहे, काका, तो म्हणाला, बायकांचा हुकूमच नाही. इंजिन टाकून यांना नेलं तर माझे पंख कापतील, नोकरी जाईल. पोरगं वाईट नव्हतं. त्याच्या कपाळावरचे टाके अजून ओले होते, आणि ते बोलताना त्यानं त्या दोघींकडे बघायचं टाळलं.

काकांनी चिंधी काढून हात पुसले. फार सावकाश पुसले, एकेक बोट. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच ते यंत्राशी न बोलता विचार करत होते.

"इंजिन निघालंच नाही असं सांगा," ते म्हणाले. "बोल्ट जाम झाले होते. इंजिन निघालं नाही तर हेलिकॉप्टर रिकामंच येणार. मग रिकाम्या जागेत कोण बसलं याची कोण चौकशी करतो?"

कॅप्टननं पायाशी पडलेल्या इंजिनाकडे पाहिलं. "तुमच्या हातून निघालं नाही, असं सांगू?"

"मग काय सुरुंगवाल्याच्या हातून?"

ते इंजिन तिघांनी पुन्हा ओढत आणून माझ्या पोटात ठेवलं. सुरुंगवाल्यानं एक पुडी त्याच्यावरही ठेवली. नवं कोरं होतं हो. पण मला वाईट वाटलं ते इंजिनाचं नाही, काकांच्या नावाचं.

दोघींना आत बसवलं. सासूनं हेलिकॉप्टर जन्मात पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते माझ्यासारखं पडलेलं. तिनं काकांची बाही धरून विचारलं, "हे नाही ना पडणार?"

"नाही पडणार. मी रोज तपासतो," काका म्हणाले. मलाही तेच रोज तपासायचे. मी गप्प राहिलो. तसाही गप्पच होतो.

पंखे फिरू लागले. कॅप्टननं रेडिओवर तळाला कळवलं की इंजिन निघालं नाही, यंत्र नष्ट करून येतोय, वाटेत अडकलेल्या दोन बायका सोबत आहेत. बायकांबद्दल पलीकडून कुणी काही विचारलं नाही. पलीकडून विचारलं ते एवढंच: काकांच्या हातून निघालं नाही? आणि मागं कुणीतरी हसलं, ते रेडिओवर स्वच्छ ऐकू आलं.

काका पुढं वाकले. "हो, माझ्याच हातून. म्हातारा झालोय आता," ते म्हणाले, कानात बोळे असलेली माणसं बोलतात तसं मोठ्यानं. सगळ्या तळाला ऐकू जाईल असं.

मग ते वर गेले, आणि थोड्या वेळानं मी जळलो. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दुखलं नाही. शेपटी पहिल्या धक्क्यातच तुटून या दगडापाशी येऊन पडली म्हणून वाचली.

आता इथं कुणी येत नाही. उतारावरची माणसं एकदा आली, राखेत काठी फिरवली आणि कंटाळून गेली. मला आता कशाचीच हाव नाही, झोप येते आहे. फक्त एक काम तुमच्यावर सोपवून झोपेन म्हणतो. कुठल्यातरी तळावर, कुठल्यातरी चहाच्या टेबलाशी, एक टकला म्हातारा एकटा बसलेला दिसेल, आणि शेजारचा कुणीतरी तुम्हाला डोळा मारून सांगेल, ह्या गाठोबाच्या हातून शेवटी एक इंजिन निघालं नाही बरं का. साहेब मंडळींत बोलू नका, कॅप्टनची नोकरी जाईल. पण त्या सांगणाऱ्याला एका बाजूला घ्या आणि सांगा की निघालं होतं. शेवटच्या बोल्टासकट निघालं होतं. माझ्याच अंगातून निघालं होतं, मला माहीत आहे.